पंचाचा खिसा

आमच्या शहरात कुणी चुकीच्या गल्लीत शिरला, किंवा कुणाचा उजव्या पायातला बूट डाव्या पायात गेला, की लोक म्हणतात, ‘‘काय रे, टायरवाला झालास का?’’ एक्केचाळीस वर्षं म्हणतायत. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना हा टायरवाला खरा, जिवंत माणूस आहे हे ठाऊकसुद्धा नाही. मीही हे वाक्य शंभरदा म्हटलं असेल. जरा जास्तच.

गोष्ट बॉक्सिंगच्या एका सामन्याची आहे आणि तो सामना मी पाहिलेला नाही. त्या दुपारी मी वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये औषधांच्या वासात बसलो होतो. एकीकडे सुतार, दुसरीकडे टायरवाला. नावं दोघांनाही होती, पण पोस्टरवर धंदेच छापले आणि तेच चिकटले. एक दारं-खिडक्या बनवायचा, दुसरा टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. सातव्या फेरीत सुताराच्या ठोशानं टायरवाला आडवा झाला आणि दहा आकडे मोजून झाले तरी उठला नाही. असे सामने होतात आणि लोक विसरतात. हा विसरले नाहीत, कारण ठोसा बसला त्याच क्षणी माझ्या मामानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं.

तो फोटो न्हाव्याच्या दुकानात लागलेला असतो, व्यायामशाळेत तर असतोच असतो. सुताराचा हात सरळ ताणलेला, ग्लोव्ह टायरवाल्याच्या जबड्यात रुतलेला, घामाचे थेंब हवेतच थांबलेले. कडेला अर्धा पंच दिसतो. पंच म्हणजे रेफरी, ठोसा नव्हे. पांढरा शर्ट, तोंड उघडं. मागं नुसता अंधार. फोटोत कुठं पाटी नाही, आकडा नाही, एक अक्षर नाही. हे जरा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

फोटोतला ठोसा डाव्या हाताचा आहे आणि सगळी कीर्ती त्याचीच. सुतार उजव्या हाताचा खेळाडू. आधीच्या सहा फेऱ्यांत त्यानं डाव्या हाताचा जड ठोसा एकदाही टाकला नव्हता. मग जाणकारांनी लिहिलं, ‘‘सातव्या फेरीत सुतारानं पवित्रा बदलला.’’ हे वाक्य इतकं गाजलं की पुढारी पक्ष बदलायचे तेव्हाही वर्तमानपत्रं सुताराची आठवण काढायची. सुतार हुशार. विचारलं की नुसता हसायचा. वारला तोपर्यंत त्यानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

टायरवाला मात्र शुद्धीवर आल्या आल्या बोलून बसला. बातमीदारानं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ‘‘उजवा होता. येताना दिसला. मान वळवली, पण उशीर झाला.’’ दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलम फोटो, डाव्या हाताचा, आणि त्याच्याखाली चौकटीत हे वाक्य. मथळा होता, ‘डावं-उजवं कळेना!’ शहर पोट धरून हसलं. हजार माणसांनी सामना डोळ्यांनी पाहिला होता, पण फोटो छापून आल्यावर त्यातल्या नऊशेंनी डावाच पाहिलेला होता. बातमीदार स्वतः हॉलमध्ये बसला होता, तरी त्यानं बातमी लिहिली ती फोटो समोर ठेवूनच.

फोटो मामाचा, पण कागदावर आणला मी. मी तेव्हा बावीस वर्षांचा. आई लवकर गेली, मामानं मला वाढवलं आणि डार्करूममध्ये चिकटवलं. सामना संपला साडेचारला, आवृत्तीची वेळ सहाची. मामानं रोल हातात दिला आणि म्हणाला, ‘‘तेवीस नंबर बघ. मला वाटतं मिळालंय.’’ मिळालं होतं. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये तो हात हळूहळू कागदावर उमटत गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात मी केलेलं सांगण्यासारखं हे एकच काम. त्या दिवशी काढलेली दुसरी प्रत अजून माझ्या खोलीत भिंतीवर आहे. आलेल्या माणसाला मी ती दाखवतो. म्हणजे दाखवली असती, कुणी आलं असतं तर.

कारण त्यानंतर माझं सगळं उताराला लागलं. मामानं पुन्हा कधी मला त्याची निगेटिव्ह हाताळू दिली नाही. दोन महिन्यांत माझी बदली रिटचिंगच्या टेबलावर झाली, पुढाऱ्यांच्या गालांवरचे डाग पुसायला. मी कारण विचारलं तर मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘‘तुझा हात चांगला आहे. ब्रश धर.’’ मला डावललं होतं आणि का ते कळत नव्हतं. मामाच्या घरी जाणं कमी झालं, मग बंदच. पुढं शाळेच्या पुस्तकांची चित्रं काढली. बेडकाचं पोट, ज्वालामुखीचा छेद. आता तीही कुणी हातानं काढत नाही. इस्त्रीच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. लग्न राहून गेलं. एखाद्या आठवड्यात माझ्या तोंडून चार वाक्यं निघतात आणि त्यातली दोन पेन्सिलीला टोक करताना पेन्सिलीलाच उद्देशून असतात.

म्हणून मामाच्या मुलीचा, धाकटीचा फोन आला तेव्हा मी उभाच राहिलो. मामा दोन वर्षांपूर्वी गेला. धाकटीला त्या सामन्याचं पुस्तक करायचं होतं. सात फेऱ्या, मामाचे अकरा फोटो, आणि फोटोंच्या मधल्या रिकाम्या जागा भरायला चोवीस चित्रं.

‘‘दादा, चित्रं तूच काढायचीस. दुसरा कोण आहे?’’

दुसरे पन्नास असतील, पण मी वाद घातला नाही. ती रोज संध्याकाळी सहाला फोन करायची, आज काय झालं, उद्या काय करणार. पावणेसहापासूनच मी फोनपाशी बसायचो आणि तिसऱ्या घंटेला उचलायचो, लगेच उचलला असं वाटू नये म्हणून. ते तीन महिने फार बरे गेले. उगाच नाही म्हणत.

तेविसाव्या चित्रापर्यंत सगळं सुरळीत झालं. चोविसावं अडलं. दहाव्या फोटोत सुताराचा डावा पाय पुढं आहे, अकराव्यात, म्हणजे त्या प्रसिद्ध फोटोत, उजवा. मधल्या क्षणी त्यानं पवित्रा बदलला, तो क्षण मला काढायचा होता. पुस्तकाचा जीव त्यात होता. मी पाय काढून बघितले, पुसले, परत काढले. असे पाय बदलणारा माणूस एकतर पडेल नाहीतर नाचेल. एकवीस कागद फुकट गेले. मग म्हटलं, सुतार नाही तर नाही, टायरवाला आहे ना. त्यालाच उभा करून बघू.

पत्ता व्यायामशाळेतून मिळाला. बसच्या डेपोमागं, तळमजल्यावर एक खोली. दार उघडलं ते सहासष्ट वर्षांच्या, अजून रुंद खांद्याच्या माणसानं. खोली इतकी नीटनेटकी की बसायला भीती वाटावी. एक कॉट, एक खुर्ची, एकच कप. चहा त्यांनी मला कपात दिला आणि स्वतः स्टीलच्या वाटीतून प्यायले. त्यांच्या उजव्या मनगटावर जाड रबरबँड होता.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ‘‘डॉक्टरांनी सांगितलंय,’’ ते म्हणाले. ‘‘डोक्याला मार बसला ना तेव्हा. डाव्या-उजव्याची शंका आली की मनगट बघायचं. रबर तो उजवा.’’

‘‘शंका येते?’’

‘‘तशी येत नाही. पण ती आलीय हेच मला कळत नसेल तर? म्हणून घालून ठेवतो.’’

त्यांना त्या वर्षी बसवर ड्रायव्हर म्हणून नेमणूक मिळाली होती. पत्र हातात आलेलं. फोटो छापून आल्यावर डेपोचे साहेब म्हणाले, डावं-उजवं कळत नाही त्याच्या हातात स्टिअरिंग कसं द्यायचं? गमतीतच म्हणाले, पण पत्र परत घेतलं ते गमतीत नाही. मग त्यांनी डेपोच्या गोदामात बत्तीस वर्षं टायर मोजले. रिंगणात पुन्हा उतरले नाहीत. बायको अकरा वर्षं होती. भांडण झालं की तिचंही शेवटचं वाक्य तेच असायचं, डावं-उजवं कळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो या माणसाला रिंगणाबाहेर मिळाला.

‘‘सुरुवातीला मी सांगत फिरायचो, उजवा होता म्हणून,’’ ते म्हणाले. ‘‘मग एक दिवस मलाही पटलं. फोटो कसा खोटं बोलेल? माणूसच चुकणार.’’

मी मान डोलावली. काय करणार, मलाही तेच पटलेलं होतं.

मग मी त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं. मी सुतार झालो, डावी मूठ पुढं केली आणि म्हटलं, ‘‘हा ठोसा आला. आता मान वळवा, फोटोतल्यासारखी डावीकडे.’’

त्यांनी मान उजवीकडे वळवली.

‘‘डावीकडे हो.’’

‘‘हो हो.’’ त्यांनी मनगट बघितलं, ओठ हलवून काहीतरी मोजलं आणि मी मूठ पुढं करताच मान परत उजवीकडे गेली. चार वेळा असं झालं. मला चित्र पुरं करायचं होतं आणि उकाडा होता. पाचव्या वेळी मी सरळ त्यांची हनुवटी धरली आणि तोंड डावीकडे फिरवून ठेवलं, फर्निचर सरकवावं तसं.

‘‘बघा,’’ ते ओशाळून म्हणाले, ‘‘अजूनही चुकतंच.’’

निघताना मी सहज विचारलं, पडताना काही दिसलं होतं का? म्हणाले, ‘‘पाटी. मान वळवली तेव्हा समोरच्या भिंतीवर मोठी पाटी होती, शांतता राखा. नाटकाचा हॉल ना तो. हजार माणसं बोंबलत होती आणि मी ती पाटी वाचत होतो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र काढायला बसलो. पायांना हात लावायला नको म्हणून पंचापासून सुरुवात केली. पांढरा शर्ट, छातीवर खिसा. हात सवयीनं चालतो. काढून झाल्यावर फोटोशी ताडून बघितलं तर माझा खिसा डाव्या बाजूला आणि फोटोतल्या पंचाचा उजव्या. म्हटलं, कसला गाढव शिंपी होता. मग लक्षात आलं, शर्टाची बटणपट्टीसुद्धा बायकांच्या शर्टासारखी उलटी आहे. एका शिंप्यानं एका शर्टात इतक्या चुका कशा केल्या, असं पुटपुटत मी हाताची शाई धुवायला बेसिनपाशी गेलो.

बेसिनवर आरसा आहे. आरशात मी होतो, माझा शर्ट होता आणि खिसा भलत्या बाजूला होता.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. मला मात्र लागला, आणि एक्केचाळीस वर्षांनी लागला. नळ तसाच वाहत राहिला.

धाकटीनं मामाच्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माझ्याकडेच ठेवायला दिला होता. मी तो उघडलाही नव्हता, छापलेले फोटो होतेच की. आता उघडला. सगळ्या पट्ट्या ओळीनं लावलेल्या, फक्त तेवीस नंबर वेगळ्या पाकिटात, एकटा. पाकिटावर मामाचं अक्षर होतं. ‘यावरून प्रिंट काढू नये. लागल्यास छापील फोटोचीच कॉपी करावी.’

मी तो तुकडा खिडकीशी धरला. फिल्मच्या कडेला बारीक आकडे असतात. आकडा सरळ वाचता येईल असा धरला, दोन, तीन, तेवीस, तर सुताराचा उजवा हात पुढं आलेला. पालथा केला की डावा, पण मग तेवीसही उलटा. निगेटिव्हला एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. मंद बाजू खाली ठेवायची, हे डार्करूममध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. पण त्या दिवशी फिल्म ओली होती आणि ओली फिल्म दोन्ही बाजूंनी चकाकते. वीस मिनिटं राहिली होती. मी घाईनं तेवढाच तुकडा कापला, पुसला, एन्लार्जरमध्ये, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्रात सरकवला. उलटा सरकवला. कडेचा आकडा बघायला एक क्षण लागला असता. मी तो हात उमटताना बघण्यात दंग होतो.

सुतारानं पवित्रा बदललाच नव्हता. पाय जुळणार कसे?

मी खाली जमिनीवर बसलो. आधी काय आठवलं असेल? टायरवाल्यांचं आयुष्य वगैरे नाही. आधी मामाच आठवला. मामा तिथं होता, त्यानं भिंगातून पाहिलं होतं, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं असणार. तोपर्यंत संपादकांनी पाठ थोपटली होती आणि फोटो बाहेरगावच्या वर्तमानपत्रांनी मागवला होता. मामानं या हाताचं त्या हाताला कळू दिलं नाही. मला ओरडलासुद्धा नाही, नुसता दूर सारला. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या कामात काही खोट आहे म्हणून मला बाजूला काढलं. खोट होतीच म्हणा. मी मामाला मामा बनवलं होतं, मग त्यानं मला आणि सगळ्या शहराला बनवलं. मी हसायला गेलो आणि ते रडण्यासारखं निघालं. शेजारी कुणी नसल्याचा तेवढा एक फायदा असतो.

आणि मग ती हनुवटी आठवली, आदल्या दिवशी याच हातानं फिरवलेली. चार वेळा त्या माणसाची मान बरोबर सांगत होती.

सहाला फोन वाजला. मी पहिल्याच घंटेला उचलला आणि सगळं सांगून टाकलं.

‘‘म्हणजे बाबांना माहीत होतं?’’

‘‘पाकिटावर अक्षर त्यांचंच आहे.’’

‘‘दादा, तोच फोटो कव्हरवर आहे. पुढच्या आठवड्यात छपाई.’’ तिचा आवाज बारीक झाला. ‘‘बाबांचं हे एवढंच आहे रे मागं. त्यावर पण माती टाकायची?’’

‘‘माझंही एवढंच आहे.’’

‘‘मग राहू दे ना. कुणाला कळणार? सुतार गेला, बाबा गेले.’’

‘‘टायरवाला आहे.’’

‘‘त्यांचं आता वय झालं. आता कळून काय फरक पडणार त्यांना?’’

मी म्हटलं, ‘‘त्यांच्या मनगटावर रबरबँड आहे.’’ तिला ते कळलं नाही आणि मला समजावून सांगता आलं नाही. मी फक्त एवढं म्हटलं की चोविसावं चित्र मी उजव्या हाताचं काढणार.

‘‘काढ,’’ धाकटी म्हणाली. चिडली नव्हती, थकली होती. ‘‘मी कंप्युटरवर फिरवून घेईन. एक क्लिक लागते.’’ आणि फोन ठेवला.

एक क्लिक! माझं तरी काय वेगळं होतं, मीही एका झटक्यातच फिरवला होता. रात्रभर चडफडलो. सकाळी उठलो तेव्हा मात्र डोकं चालायला लागलं होतं. फोटो उलटा झालेला एक्केचाळीस वर्षं कुणाला कळलं नाही, कारण त्यात अक्षर नव्हतं. शर्टाच्या खिशाकडे कोण बघतंय? अक्षर उलटं झालं की मात्र शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवतं.

मी मोठा कागद घेतला. मामा बसला होता तिथूनच चित्र काढलं, तोच हात, तोच जबडा, तेच थेंब, सगळं सरळ बाजूनं. पाय आपोआप जुळले. आणि मागच्या अंधारात, जिथं फोटोत काही दिसत नाही, तिथं भिंतभर पाटी काढली. ‘शांतता राखा’. अक्षरं नुसती मागं ठेवली नाहीत. ‘शां’ दोरांच्या मधून काढला, ‘त’ प्रेक्षकांच्या डोक्यांत अडकवला, ‘रा’चा काना सुताराच्या दंडाला टेकवला. पाटी खोडायची तर निम्मं चित्र खोडावं लागेल आणि फिरवलं तर सगळी पाटी उलटी वाचावी लागेल. रिटचिंगच्या टेबलावर एकोणीस वर्षं डाग पुसले, त्यामुळं न पुसता येणारा डाग कसा करायचा ते मला चांगलं ठाऊक आहे.

चित्र आणि निगेटिव्हचं पाकीट तिच्या घरी पोचवलं. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. मी आत गेलो नाही.

त्या दिवशी सहाला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस मी पावणेसहाला जाऊन बसायचो आणि साडेसहाला उठायचो. टायरवाल्यांकडे जायचं धाडस झालं नाही. नुसतं तोंडी काय सांगणार? एक्केचाळीस वर्षं तेही तोंडीच सांगत होते, त्यांचं कुणी ऐकलं? नवव्या दिवशी एक माणूस मोठं पाकीट देऊन गेला. आत छापील पानं होती. कव्हरवर माझं चित्र, पाटी सरळ. आतल्या शेवटच्या पानावर मामाचा फोटो, नव्यानं काढलेला, पंचाचा खिसा डावीकडे. खाली दोन ओळी. ‘हा फोटो एक्केचाळीस वर्षं उलटा छापला गेला. ठोसा उजव्या हाताचा होता.’ मामाचं नाव होतं, माझं होतं, चूक कुणाची ते लिहिलं नव्हतं. पाकिटात धाकटीची चिठ्ठी नव्हती. मी दोनदा पाकीट उलटं करून झटकलं. तिनं मला वाचवलं की स्वतःच्या बापाला, हे विचारायला मी फोन केला नाही. तिनंही नंतर कधी केला नाही.

त्याच दुपारी डेपोमागं गेलो. टायरवाल्यांनी कप पुढं केला. मी म्हटलं, आधी हे बघा. शेवटचं पान त्यांच्या गुडघ्यांवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, ओळी वाचल्या. बोट ठेवून परत वाचल्या. मग मनगटाकडे बघितलं, मग फोटोकडे, मग मनगटाकडे.

‘‘हे कुणी केलं?’’

‘‘मी. डार्करूममध्ये मी होतो. घाईत निगेटिव्ह उलटी लागली.’’ इतके दिवस पाठ केलेलं माफीचं वाक्य तिथं आठवलंच नाही. ‘‘मला दहा-बारा दिवसांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. पण केलं मीच.’’

मला वाटलं, आता एक ठोसा बसेल. बसला असता तर बरंच झालं असतं. बाहेर डेपोत एक बस मागं घेत होते आणि कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, उजवीकडे काप. टायरवाल्यांनी ते संपेपर्यंत ऐकलं.

‘‘तुम्ही आलात तेव्हा मी मान चार वेळा वळवली होती,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘बरोबर वळवली होती.’’

‘‘चारही वेळा.’’

त्यांनी रबरबँड काढायला घेतला. तो निघेना, मनगटाच्या खाचेत रुतला होता. शेवटी दातांनी ओढून काढला आणि खुर्चीवर ठेवला. त्याच्याखालची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होती. मग ते खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही मुठी हनुवटीशी.

‘‘या. उजवा टाका. हळू टाका.’’

मी उभा राहिलो. डावा पाय पुढं घेतला, चित्रात काढला होता तसा. उजवी मूठ हळूहळू पुढं नेली. त्यांचे डोळे माझ्या खांद्यापासून मुठीबरोबर येत होते. मनगटाकडे त्यांनी बघितलं नाही. मूठ जबड्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी मान वळवली, उजवीकडे.

‘‘दिसला होता,’’ ते भिंतीकडे बघत म्हणाले. ‘‘फक्त उशीर झाला.’’

त्यांचा गाल माझ्या बोटांना लागला. ओला होता. मी मूठ मागं घेणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘राहू द्या जरा. तशीच राहू द्या.’’

मी राहू दिली. दोघं म्हातारे त्या खोलीत तसेच उभे राहिलो. माझा खांदा भरून आला, तरी ते सांगेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.